जोतूनानाची नजर

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. हिरंबे गावात कुणालाही विचारलंत तरी तो हात वर करून "लई" एवढंच सांगतो. नदीवर पूल नव्हता, पल्याड जायचं तर गुळाच्या काहिलीत बसून जावं लागायचं, तेव्हाची. त्या हिरंब्यात एक तालीम होती. आजही आहे. दार एवढं ठेंगणं, की मोठ्यातल्या मोठ्या पैलवानाला आत जाताना मान वाकवावी लागते. आत लाल मातीचा हौद, कोनाड्यात शेंदराचा मारुती, आणि मागच्या भिंतीपलीकडं खुराकाची चूल. आपली गोष्ट त्या भिंतीची आहे. मधेच उठायचं असेल त्यानं आत्ताच उठावं, मला मागनं चुळबूळ खपत नाही.

तर दर तीन वर्षांनी गावदेवीच्या जत्रेत हिरंब्याची आणि पल्याडच्या गावाची मोठी कुस्ती लागायची. जो जिंकेल त्याच्या गावात चांदीची गदा राहायची. ती टांगायला तालमीच्या मागच्या भिंतीत एक लाकडी खुंटी मारलेली होती. पण गदा तीन जत्रा झाल्या तरी पल्याडच होती आणि खुंटी रिकामी होती. गावातली म्हातारी माणसं त्या खुंटीकडं बघायचं टाळायची.

तालमीत जोतू नावाचा पैलवान होता. तेविशीतला, उंचापुरा, आवाज असा की त्यानं शड्डू ठोकला की देवळातली पारवं उडायची. मागल्या जत्रेत जोतूनं पल्याडच्या हणमाशी कुस्ती केली. दोघंही हटेनात, शेवटी ती बरोबरीत सोडवली. गदा काही आली नाही, पण गाव म्हणायला लागलं, "पुढल्या खेपेला जोतूच आणतोय बघा." जोतूच्या मनात ते असं बसलं, की रोज मेहनत झाली की तो त्या खुंटीवर तळवा ठेवून बघायचा. गदा आपल्या हातानं तिथं टांगायची, यापलीकडं त्याला आयुष्यात दुसरं काही नको होतं. बायको नको, शेत नको, काही नको.

आणि मग आला रावळू.

डोंगराकडचा, म्हशी राखणारा, एकोणीस वर्षांचा. अंगावर मांस म्हणून नाही. पहिल्या दिवशी पन्नास जोर मारले आणि बाहेर जाऊन भडाभडा ओकला. पोरं पोट धरून हसली. सगळ्यांत मोठ्यानं जोतू हसला. नाथा वस्ताद मात्र हसले नाहीत. ते रावळूला दंडाला धरून मागं चुलीशी घेऊन गेले आणि म्हणाले, "सुंद्राक्का, हाडं चांगली हायत. बाकीचं तू बघ."

सुंद्राक्का तालमीचा खुराक करायची. साठीच्या घरातली, बुटकी, एवढीशी बाई. तिच्याकडं ना माप ना तराजू. चिमूट, मूठ, ओंजळ, एवढाच तिचा हिशेब. हौदातनं वर येणाऱ्या पैलवानाकडं एकदा बघायची आणि धान्यात हात घालायची. असं म्हणतात, की घामाच्या वासावरनं ती ओळखायची, कोण पाचशे बैठका मारून आलाय आणि कोण नुसताच अंगावर पाणी शिंपडून आलाय. पाणी शिंपडून येणाऱ्याला लोटा रिकामाच मिळायचा.

रावळूला तिनं पहिला महिनाभर बदाम दाखवला नाही, तूप दाखवलं नाही. नाचणीची आंबील, ताक, भिजवलेले मूग. बस्स. जोतूला हसू आवरेना. "आक्का, पैलवान करतीस का वासरू पाळतीस?" आक्का मूग निवडत राहिली. दुसऱ्या महिन्यात दूध आलं. चौथ्यात हुलग्याचं माडगं. सहाव्यात थंडाई, तीही अशी की बदाम बोटांवर मोजावेत. वर्ष सरायला आलं तेव्हा एका सकाळी रावळू हौदातनं वर चढला, उन्हाचा कवडसा त्याच्या पाठीवर पडला, आणि जोतूचं हसू जे थांबलं ते थांबलंच.

पाठ भरली होती. खांदे रुंदावले होते. मान आणि कान यांच्यात जागा उरली नव्हती.

आता मत्सर म्हणजे काय ते मी तुम्हाला शिकवायला नको. कुणाच्या नाही पोटात दुखलं? शेजारच्याची म्हैस दोन शेर जास्त देते तर आपण आठ दिवस जेवत नाही. पण जोतूचा मत्सर साधा नव्हता. तो खात बसला की त्याचं लक्ष रावळूच्या ताटात. तो झोपला की कानात रावळूच्या जोरांचा आवाज. बाजारात कुणी म्हणालं, "रावळूनं काय अंग कमावलंय!" की जोतूचं सगळं अंग पेटायचं. "मेहनत मी बी करतो," तो स्वतःशीच बोलायचा. "हजार बैठका मी बी मारतो. मग हे कुठनं आलं? म्हातारी त्याला चोरून कायतरी चारतीया."

एक दिवस तो सरळ चुलीशी गेला.

"आक्का, त्याला काय घालतीस गं तू?"

"तुला घालते तेच. त्याला सोसंल तसं त्याला, तुला सोसंल तसं तुला."

"खोटं बोलतीस."

सुंद्राक्कानं पळी चुलीवर आपटली. "मग बघ की लेका! देवानं डोळं दिल्यात न्हवं?"

त्यानंतर दोनच दिवसांनी गदेची खुंटी भिंतीतनं पडली. सकाळी तालीम उघडली तर भिंतीला नुसतं आरपार भोक. खुंटी शोधली, सापडली नाही. वाळवीनं खाल्ली म्हणाले, अपशकुन म्हणाले, कुणी नारळ फोडला. नवी खुंटी गदा येईल तेव्हा मारू, असं वस्ताद म्हणाले. जोतूनं मात्र त्या भोकाला डोळा लावला आणि त्याला पलीकडची चूल दिसली. चूल, पाटा, बदाम घोटायची कुंडी आणि पाठमोरी नाही, अगदी समोर तोंड करून बसलेली सुंद्राक्का.

तेव्हापासून जोतू त्या भोकाचाच झाला. मेहनत आटोपली की पोरं अंग चोळत बसायची आणि हा भिंतीला चिकटायचा. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, पुरतं सव्वा वर्ष. सुंद्राक्काला एव्हाना म्हातारपणाची एक खोड लागली होती, एकटीच बडबडायची. "ही एक मूठ हुलगं. आज पोरगं दोर चढलंय, दंड दुखत असतील. बदाम सोळा, उद्या कुस्त्या हायत म्हणून. तूप आज न्हाई, आज बसून हाय तो." जोतू ऐकायचा आणि बघायचा आणि जळायचा. हौदातनं आल्या आल्या रावळूला लिंबू, गूळ, मिठाचं पाणी. अंग निवलं की केळं नि दूध. त्यानंतर घटकाभरानं भाकरी आणि मटणाचा अळणी रस. तालीम बंद असेल त्या दिवशी निम्मंच जेवण. पडसं झालं की दूध बंद. त्याला लिहिता येत नव्हतं, पण एक दाणा विसरला नाही तो. प्रेमानं बघणारं माणूस विसरतं हो. जळणारं विसरत नाही.

आणि एवढं सगळं बघून त्यानं केलं काय? त्याला सोळा बदाम, तर मला बत्तीस. त्याला एक मूठ, तर मला दोन. तो पाव शेर दूध पितो, तर मी अर्धा. आक्कानं दिलेला स्वतःचा खुराक हा रांजणामागं ओतून द्यायचा आणि घरून चोरून आणलेलं खायचा. महिन्याभरात त्याच्या पोटात खरोखरच दुखायला लागलं. सकाळी पोरं जोर मारत असायची आणि जोतू लोटा घेऊन ओढ्याकडं पळत असायचा. मांड्या होत्या तेवढ्याच राहिल्या, ढेरी तेवढी सुटली. एकदा तर त्यानं दोघांचे लोटेच बदलले आणि रावळूचा लोटा एका दमात प्याला. आत काय होतं? पाण्यासारखी आंबील. जोतूनं ती थुंकली आणि आणखी पेटला. म्हातारीला कळलंच म्हणायचं, म्हणून आज मुद्दाम आंबील ठेवली! माणसाला एकदा वेड लागलं की समोरचं साधंसुधंही त्याला कारस्थान वाटतं.

जत्रेला आठ महिने उरले तेव्हा वस्तादांनी दोघांना हौदात उतरवलं. रावळूनं जोतूला घुटना डावावर इतक्या झटक्यात चीत केला, की कुणी हलगीवर हातही ठेवला नव्हता. वस्तादांनी लाल लंगोट रावळूच्या हातात दिला. "पल्याडच्या हणमाशी तू लढायचं." जोतू मातीत उताणा पडला होता. तिथनं त्याला भिंतीतलं ते भोक दिसत होतं. त्या दिवशी त्यानं मारुतीसमोर उभं राहून मागितलं, "ह्याचं अंग झडू दे." असं म्हणतात, की मारुतीच्या डोळ्यातला शेंदूर तेवढ्यापुरता ओघळला. मी काही बघायला गेलो नव्हतो.

पण मागितलेलं मिळालं. मार्गशीर्षात गावात तापाची साथ आली. सुंद्राक्का चौथ्या दिवशी गेली. रावळू वाचला, पण एकवीस दिवसांनी ताप उतरला तेव्हा अंथरुणात पैलवान नव्हता, कातडं पांघरलेली हाडं होती. पहिल्या दिवशी पोरं ज्या अंगाला हसली होती ना, त्याहून वाईट.

आणि मग गाव बोललं. कुणीतरी जोतूला भोकाला डोळा लावलेला बघितलं होतं. "नजर लागली," बाया म्हणाल्या. "खाणाऱ्याच्या घासावर सव्वा वर्ष नजर, दुसरं काय व्हणार?" रावळूवरनं मीठ-मोहऱ्या उतरवल्या, मिरच्या जाळल्या. जोतू रस्त्यानं निघाला की आया पोरांना पदराखाली घ्यायच्या. त्याला कुणी तोंडावर काही बोललं नाही. ते जास्त वाईट असतं.

पण गदेचं काय? जत्रा चैत्रात. वस्तादांनी दोन दिवस वाट बघितली. तिसऱ्या दिवशी त्यांनी रावळूच्या उशाखालनं लाल लंगोट काढला आणि जोतूपुढं टाकला. "तूच हाईस आता," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, पण लंगोट तर होता. जोतूनं तो उचलला. जे हवं होतं ते हातात आलं.

इकडं गाव रावळूला उभा करायला निघालं. ह्या घरचं तूप, त्या घरचा शिरा, पाटलांकडनं मटण. वस्तादांनी स्वतः कुंडी पुढं ओढली. "पन्नास बदाम घोटा. अंग भरलं पायजे पोराचं." रावळूला तालमीच्या ओट्यावर उन्हात बसवायचे, चौघं मिळून चारायचे, आणि पाचव्या मिनिटाला तो सगळं बाहेर टाकायचा. दिवसेंदिवस डोळे आत जायला लागले. जोतू हौदाच्या कडेला बसून बघायचा. पहिले काही दिवस त्याला बरं वाटलं. हो, बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? छातीतली आग विझल्यासारखी वाटली.

मग एक दिवस असं झालं. सकाळची वेळ. कुणीतरी वाटीभर तुपाचा शिरा रावळूच्या तोंडाशी धरला होता. रावळूनं तोंड फिरवलं, वस्तादांनी हनुवटी धरली, घास कोंबला. आणि रावळूच्या खांद्याकडं, जिथं पूर्वी नारळाएवढा गोळा होता तिथं, जोतूची नजर गेली. तो खांदा त्याला पाठ होता. त्यात कुठला हुलगा गेला, कुठला बदाम गेला, कुठल्या दिवशी तो पहिल्यांदा फुगला, सगळं पाठ होतं. अंग रावळूचं होतं, पण सव्वा वर्ष ते जोतूनं बघितलं होतं. आणि ही माणसं ते डोळ्यांदेखत मातीत घालत होती.

"अरं शिरा नगो त्याला!" जोतू ओरडला. "मारता का काय पोराला? आंबील द्या, आंबील!"

 वस्तादांनी वळून बघितलं. "तुला काय कळतंय त्यातलं?"

आता इथं जोतूला गप्प बसता आलं असतं. 'सहज म्हणालो' म्हणाला असता, तर लंगोट त्याचाच होता. गावाला शंका होती, पण तोंडानं कबुली कुणी ऐकली नव्हती. त्यानं लंगोट मुठीत धरला होता. असं म्हणतात, की त्यानं तो एवढा आवळला की लाल रंग त्याच्या हाताला लागला.

"मला ठाव हाय," तो म्हणाला. "मी बघत हुतो. त्या भोकातनं. रोज. आक्का काय घालती, किती घालती, कवा घालती, सगळं. ह्याच्या घासाघासावर नजर हुती माझी. जळत हुतो मी."

ओट्यावरचे दोघे जण हात उगारून उठले. वस्तादांनी त्यांना अडवलं. बोलला तो रावळू, आवाज एवढासा.

"जोतूदा, पहिल्या महिन्यात आक्का मला काय द्यायची?"

"सकाळी नाचणीची आंबील, ताकातली. दुपारी मुगाचं कढण. भाकरी चतकोर, ती बी दिवस मावळायच्या आत. तू आल्यापास्नं मी बघतोय."

"बरोबर हाय," रावळू म्हणाला, आणि भिंतीला डोकं टेकून त्यानं डोळे मिटले. "तूच दे मग."

जोतू चुलीशी गेला. आंबील केली, मुगाचं कढण केलं, जसं बघितलं होतं तसं. एक मूठ म्हणजे एक मूठ. रावळू प्याला आणि घटकेत ओकला. ओट्यावरची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. "चुकलं कुठं?" जोतूला कळेना. एक दाणा इकडचा तिकडं केला नव्हता त्यानं. तो पुन्हा आत गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा सुंद्राक्काच्या जागेवर, तिच्या पाटावर, भिंतीकडं तोंड करून बसला.

समोर लिंपणावर पाच बोटं उमटलेली होती. म्हातारीनं भिंत सारवताना टेकलेला हात. जोतूनं आपला तळवा त्यावर ठेवला. तिचा हात त्याच्या बोटांच्या पहिल्या पेरापाशीच संपत होता. एवढीशी मूठ! आणि हा सव्वा वर्ष तिच्या मुठी मोजून आपल्या फावड्याएवढ्या मुठीनं खात होता, तेही दुप्पट. त्याला हसू आलं आणि हसता हसता रडूही आलं.

मग त्यानं मान वर केली. त्या हाताच्या ठशाच्या बरोबर वर भोक होतं. तालमीतल्या उजेडाचा एक गोल चुलीवर पडला होता. पलीकडं कुणी डोळा लावला, की तो उजेड विझणार आणि चुलीशी बसलेल्या माणसाला कळणार. रोज कळणार. सुंद्राक्काला रोज कळत होतं. ती बडबडत नव्हती. ती सांगत होती.

आणि पाटाशेजारच्या कोनाड्यात, मिठाच्या बरणीमागं, फडक्यात नीट गुंडाळून ठेवलेली गदेची खुंटी होती. वाळवी लागली नव्हती तिला. चुलीकडनं ठोकून काढलेली होती.

शिकवायला बसली असती तर जोतू ऐकणार होता का? छट्! चोरून बघायला मिळालं म्हणून त्याच्या ध्यानात राहिलं. "बघ की लेका" म्हणाली होती ती. बघायची सोय करून दिली. हे लक्षात आल्यावर जोतू त्या पाटावर किती वेळ बसला, हे सांगणारं कुणी नाही. उठला तेव्हा त्यानं तीन बोटांत मावतील तेवढेच मूग घेतले.

ह्या खेपेला रावळूच्या पोटात कढण राहिलं.

पण असं समजू नका, की जोतूचा मत्सर गेला. कुठला जातोय! दहाव्या दिवशी रावळू आधाराशिवाय चालला, जोतूच्या पोटात दुखलं. महिन्यानं पहिले वीस जोर मारले, पुन्हा दुखलं. खांद्याचा गोळा परत दिसायला लागला त्या दिवशी जोतू स्वतः जेवला नाही. हात चारत होते आणि डोळे जळत होते, असं चाललं होतं. पण त्या जळक्या डोळ्यांना सगळं दिसायचं. ओठ कोरडे दिसले की मीठ वाढायचं, मातीत उमटलेला पंजा उथळ दिसला की त्या दिवशी मेहनत बंद. असं म्हणतात, की रावळूच्या हाडावर रोज राईएवढं मांस चढायचं आणि जोतू ते झोपेतसुद्धा मोजायचा. आता मात्र त्यानं एक नवीन गोष्ट केली. आक्का आपल्याला स्वतःला काय द्यायची ते आठवून बघितलं. काही आठवेना. सव्वा वर्ष त्यानं स्वतःच्या लोट्यात डोकावून बघितलंच नव्हतं. ती हळहळ त्याला जन्मभर राहिली.

जत्रेला आठ दिवस असताना वस्तादांनी पुन्हा दोघांना उतरवलं. जोतूनं हातचं राखलं नाही, जीव खाऊन लढला. त्यानंच घातलेला खुराक त्याच्या अंगावर आला आणि त्याला उताणा पाडून गेला. मातीत पडल्या पडल्या त्यानं कमरेचा लाल लंगोट चाचपला. मग आत जाऊन कपडे बदलले आणि लंगोट धुऊन रावळूच्या हातात दिला. तोंडानं म्हणाला, "वाळीव नीट. मैदानाला ओला नगो." एवढंच.

जत्रेच्या सकाळी गाव मटणाचं पातेलं घेऊन आलं. जोतूनं चुलीपुढनं हाकललं सगळ्यांना. रावळूला दिली आंबील, वर गुळाचा खडा, दोन केळी. "आज पोटात वझं नगो. काल घातलंय ते आज लढंल." पल्याडच्या लोकांनी हणमाला कौतुकानं सकाळीच अर्धा बकरा चारला होता. हलगी कडाडली. असं म्हणतात, की ती कुस्ती एवढी चालली की मावळायला आलेला सूर्य डोंगरावर टेकून थांबला. हणमाला धाप लागली, तोंडाला कोरड पडली, पोट हातभर पुढं आलं. रावळूचा श्वास तेव्हाही पहिल्यासारखाच चालला होता. मग त्यानं ढाक मारली आणि हणमानं अस्मान बघितलं.

रावळूला खांद्यावर घेतला, गुलाल उधळला. जोतूला आनंद झाला का? झाला. जळलाही. दोन्ही एकाच वेळी होतं, कुणाला झालं असेल त्याला विचारा. तो गर्दीच्या मागं उभा राहून रडत होता आणि कशासाठी ते त्यालाही सांगता येत नव्हतं. बाया म्हणाल्या, "आरं, पोरावरनं मीठ उतरवा कुणीतरी, एवढं मोठं यश, नजर लागंल."

खांद्यावरनं रावळू ओरडला, "उतरवू नगा! नजर लागली म्हणूनच हुबा हाय मी. जोतूदाची लागली!"

गदा तालमीत आली. वस्तादांनी खुंटी मागितली. जोतूनं फडक्यातली खुंटी आणून दाखवली आणि ती कुठं सापडली ते सांगितलं.  "मारतोस का?" वस्तादांनी विचारलं. हातोडा त्यांनी जोतूपुढं धरला होता. सगळं आयुष्य जोतूला तेवढंच तर करायचं होतं. त्यानं भोकाकडं बघितलं, हातोड्याकडं बघितलं.

"नगो," तो म्हणाला. "गदा मारुतीच्या पायाशी ठेवा. हे उघडं राहू दे."

त्यानंतर जोतू लढला नाही. चाळीस वर्षं तो त्या चुलीशी बसला आणि जोतूचा जोतूनाना झाला. लांब लांबचे पैलवान त्याच्या हातचा खुराक घ्यायला यायचे. असं म्हणतात, की तो आंधळा झाला तरी लोट्यात बोट बुडवून सांगायचा, "हा बदाम ह्या पोराचा न्हाई, ह्याला हुलगं द्या." नवीन कुणी आला की पोरं विचारायची, "नाना, दुखतंय का पोटात?" नाना उसासा टाकून "दुखतंय" म्हणाले, की ते नवं पोरगं उड्या मारायचं. नाना म्हणायचे, "ज्याला बघून माझ्या पोटात दुखत न्हाई, त्याला काय घालावं ते मला उमजत न्हाई."

आजही त्या तालमीत गदा मारुतीच्या पायाशी असते आणि खुंटी चुलीजवळच्या कोनाड्यात. दर दिवाळीला भिंत सारवतात, पण भोक बुजवत नाहीत. नवा पैलवान पहिला खुराक घेतो तेव्हा लोटा दोन्ही हातांनी त्या भोकासमोर धरतो आणि म्हणतो, "नाना, नजर लावा." मग सगळी तालीम गप्प बसते आणि तो पितो, आपल्याच लोट्यात बघून.

आणि बाळाला पहिला घास भरवायचा असला की हिरंब्यातली आई त्याला घेऊन तालमीत येते. घरून निघताना तिनं त्याच्या गालाला काजळाची तीट लावलेली असते. भोकापाशी आली, की ती पदराच्या टोकानं ती तीट पुसते आणि मगच घास भरवते.